खोडरबर

संगणक सुरू केला की नुसता पीं पीं करायचा, आणि पडदा काळाच. दुरुस्तीला आलेल्या सावंतांनी डबा उघडून मेमरीची बोटभर पट्टी काढली. मग खिशातून शाळकरी मुलांचा असतो तसला खोडरबर काढून ते तिच्या सोनेरी दातांवर घासायला लागले.

"काजळी धरते हो. मग याला काही आठवत नाही."

ज्याने आपण जन्मभर लिहिलेलं पुसतो, त्यानेच आठवण परत यावी, हे मला चमत्कारिक वाटलं.

शेजारच्या खुर्चीतून आई बघत होती. तिचा सगळा जन्म पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात गेला. "हळू घासा," ती एकदम म्हणाली, "कागद फाटतो."

तिचा तो वर्गातला आवाज मी किती महिन्यांनी ऐकत होते. वाटलं, हिच्यावरही नुसती काजळीच धरली असेल.

पट्टी परत बसली, पडदा उजळला. त्यावर आम्हा मायलेकींचा जुना फोटो होता. आईने तो बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे वळून अदबीने विचारलं,

"छान आहेत दोघी. तुमच्या कोण लागतात?"

खिशाकडे निघालेला खोडरबर सावंतांच्या हातातच राहिला.