दोरा बांधलेला चतुर

"गोड तर तुला डॉक्टरनेच सोडायला लावलंय," सॅन्टन बायकोला म्हणाला, "आणि तेच तू दर वर्षी देवाच्या नावावर खपवतेस."

राखेचा बुधवार, चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उद्यावर आला होता आणि वटार गावातल्या त्या घरात, उपवासकाळात कोणी काय सोडायचं यावरून दुपारपासून जुंपली होती. नवऱ्याने दारू आणि बारावीतल्या ॲन्सेल्मने खेळ सोडावा, हे ॲनीने परस्पर ठरवून टाकलं होतं. स्वतःसाठी नेहमीप्रमाणे गोड. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ती मुलांना सांगायची, जे सोडताना जीव तुटत नाही तो त्याग नव्हे. जिलेबीसाठी आपला जीव शेवटचा कधी तुटला होता, हे तिला आठवत नव्हतं. पण वर्गात तसं कोणी विचारत नसे.

खेळ म्हणजे जहाजावर नोकरीला असलेल्या तिच्या भावाने, बर्नार्डने, भाच्यासाठी आणलेलं हातात मावणारं यंत्र. पडद्यावर एक पत्र्याचा चतुर उडायचा. चार पंख, पोटात किल्ली. थोडं उडलं की दमायचा. मग कुठल्या तरी पानावर उतरायचं, किल्ली भरून घ्यायची, पुढचं पान गाठायचं. पोराच्या अभ्यासाचं वाटोळं करणारी ही वस्तू आहे तरी काय, एकदा बघावं, म्हणून ॲनीने ती हातात घेतली होती. ते बघणं नाताळपासून चालू होतं. मधल्या काळात दोन पातेली करपली. दोन्ही वेळा तिने सिलिंडरला शिव्या घातल्या.

"दिवसभर तो किडा उडवत बसतोस," तिने आता मोर्चा मुलाकडे वळवला.

ॲन्सेल्मने यंत्र टेबलावर ठेवलं. "मम्मी, मी सातव्या पायरीवर अडकलोय. यात शेवटची उघडलीय. ती कोणी उघडली?"

सॅन्टनने सावकाश मान वळवून मोरीतल्या काळ्या पातेल्याकडे पाहिलं. "मग तुझं काय सोडायचं ते ठरलं," तो म्हणाला.

ॲनीला आता फक्त शेवटच्या पायरीवरचा पत्र्याचा बेडूक मारायचा उरला होता. त्याची जीभ कधी बाहेर येते, हे तिला कालच उमगलं होतं. पुढे अख्खा उपवासकाळ! पंचेचाळिशीची बाई, वर्गात मुलांना त्याग शिकवणारी, आणि जीव तुटतोय कशासाठी, तर पत्र्याच्या किड्यासाठी. याचं तिला हसूही येईना.

"रविवार उपवासात धरत नाहीत," ती हळूच म्हणाली.

"लहानपणी वाडीत आम्हीपण चतुर असाच सोडायचो," सॅन्टन म्हणाला. "शेपटीला दोरा बांधून."

वाक्य वर्गात सांगण्यासारखं होतं, याचाच तिला जास्त राग आला. तिने यंत्र उचललं, पडदा गाऊनला पुसला आणि खुर्ची ओढून बसली.

"उद्यापासून चतुर सोडला. रविवारीसुद्धा नाही," ती म्हणाली. "आज भात तुम्ही दोघं लावा."