चार दाणे

वडशाच्या ज्या राइस मिलमध्ये मी गेटपास लिहायचो, तिथे तांदूळ पारखणारा एकच माणूस होता. चार दाणे दाढेखाली फोडायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा आणि तांदूळ किती महिन्यांचा ते सांगायचा.

एका वर्षी त्याच्या जिभेवर पांढरा थर चढला. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे. औषध घ्या, आणि भात, साखर, गूळ बंद. आमच्याकडे भाताविना जेवण म्हणजे उपासच. तरी तो दुपारी माझ्यासमोर बसून उकडलेली अंडी आणि अंबाडीची भाजी खायचा. माझ्या डब्याकडे बघायचाही नाही. थर मात्र हटेना.

"दिवसभर तांदूळ चावून राह्यले तुम्ही, त्याचं काय?" मी एकदा विचारलं.

"खाऊन राह्यलो काय मी? थुंकतो नं. ते काम आहे, बाबू."

दुसऱ्या दिवशी "आता तू पारखून पाह्य," म्हणत त्याने चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी चावले.

"चांगला आहे."

"चांगला तं सगळाच असते. जुना का नवा, ते सांग."

मला सांगता येईना. त्याने पोत्यात हात घातला, चार दाणे दाढेखाली टाकले आणि डोळे मिटले.

"आठ महिन्यांचा," तो म्हणाला.

त्या दिवशी तो थुंकला नाही.