मुरारीचा रविवार

आमच्या कंपन्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. रविवारी बाकीचं जग लोळत असतं, तेव्हा आमचा माणूस डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत उभा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मुरारीने माझ्या डोक्याला जो ताप दिला त्याचं मूळ इथंच आहे.

मुरारी चाकणजवळच्या वाडीतला. कंपनीत प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढतो आणि मी चालवतो त्या रस्ता कृती समितीत घोषणा देतो. आवाज असा, की त्याने एक हाळी दिली की ट्रकवाला आपण होऊन इंजिन बंद करतो.

आमच्या फाट्यावर रस्ता ओलांडायला जागाच नाही. शाळेची पोरं कंटेनरच्या चाकांमधून वाट काढतात. निवेदनं देऊन देऊन माझ्या चपला झिजल्या. शेवटी रास्ता रोको ठरवला. एरवी आम्ही गुरुवारीच बसतो, पण या वेळी नव्या सोसायट्यांची माणसं म्हणाली, आम्हीही येऊ, फक्त रविवारी ठेवा. मी हो म्हणून बसलो. झालं! माझी सगळी माणसं शिफ्टला. मोकळा एकटा मुरारी. गुरुवारी मशिनवर थांबून रविवारी सुट्टी घेणाऱ्या सुजितशी त्याने सुट्टी बदलून घेतली होती. मला वाटलं, बघा, याला म्हणतात कार्यकर्ता.

"न्हाई भाऊ, ती ड्रिफ्टिंगसाठी घेतलीय."

"कशासाठी?"

"गाड्या आडव्या घसरवत्यात, ते. नेमकं रविवारीच असतं. दरसाली मोबाईलवर बघायचं, तेबी कँटीनमधी. या टायमाला डोळ्यानं बघनार."

"अरे, इथं पोरं चिरडायची वेळ आलीय आणि तू टायर जळताना बघायला चाललास?"

"दुपारी संपतंय. सांजच्याला तुमच्याकडं. आईची आन."

आईच्या आणेवर माझा विश्वास आहे, मुरारीच्या घड्याळावर नाही. दुपारी मी गाडी काढली आणि राजगुरुनगरच्या अंगाला एका गोदामाच्या पटांगणात जाऊन धडकलो, त्याला मानगुटीला धरून आणायला.

काय तो गोंगाट! रबर जळाल्याचा वास नाकात बसला. गाडीचं तोंड एकीकडे, गाडी चाललीय दुसरीकडे. मुरारी कठड्याला चिकटून उभा, डोळे लहान पोरासारखे.

"ही कसली शर्यत?" मी ओरडलो. "पुढं तर कुणीच जात नाही!"

"पुढं जायचंच न्हाई ओ! जेवढं आडवं होता येईल तेवढं व्हायचं, अन् भिंतीला लागायचं न्हाई. त्येचे मार्क!"

तेवढ्यात दोन गाड्या एकदम आल्या. पुढची आडवी, मागची तिच्या दाराला नाक लावून तेवढीच आडवी. वाटलं, गेल्या आता दोन्ही. मुरारीने माझा खांदा असा दाबला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. दोन्ही गाड्या धुरातून सुखरूप निघाल्या, तसा तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

"एवढं काय आहे रे यात?" मी वैतागलो.

"भाऊ, आमच्याकडं पत्रा केसभर सरकला की पीस रिजेक्ट. वर सायबाच्या शिव्या. हितं आख्खी गाडी सरकतीय अन् माणसं टाळ्या वाजवत्यात. मग म्या का बघू नये?"

मी चार शब्द सुनवायला गेलो. धुराने ठसका लागला.

संध्याकाळी तो वेळेवर आला, हे कबूल. फाट्यावर सोसायटीवाले छापील फलक आणि घडीच्या खुर्च्या घेऊन हजर. दोन्हीकडे ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्ला. मी मुरारीच्या हातात माईक दिला. त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

"बोंबलून आलास ना तिकडं?"

त्याने मान डोलावली.

घोषणा मलाच द्याव्या लागल्या. सोसायटीवाले माझ्यामागे शाळेतली प्रार्थना म्हणावी तसं म्हणत होते. हॉर्नने सगळं गिळून टाकलं. एक कंटेनरवाला हळूहळू पुढे सरकू लागला, तसे खुर्चीवाले मागे सरकू लागले. म्हटलं, संपलं, आता रस्ते खात्याचे साहेब यायच्या आत रस्ता मोकळा.

मुरारी चालत गेला आणि कंटेनरच्या थेट तोंडाशी मांडी घालून बसला. भिंत आणि गाडी यांच्यात दुपारी जेवढं अंतर होतं ना, तेवढ्यावर. ब्रेक करकचून लागले. मुरारी हलला नाही. मग स्वरूपा नावाच्या एका सोसायटीवाल्या बाई खुर्ची सोडून त्याच्या शेजारी डांबरावर बसल्या. मग बाकीचे.

साहेब आले. क्रॉसिंग करून देतो म्हणाले. मी म्हटलं, लेखी द्या. दिलं.

मुरारीच्या पँटला डांबर, अंगाला रबराचा वास. शाबासकी द्यायला गेलो आणि तोंडातून निघालं, "मरायचं होतं काय रे तुला?"

तो हसला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भाऊ, फुडचं आंदोलन कवा?"

"गुरुवारी! इथून पुढं सगळी गुरुवारीच! सोसायटीवाल्यांनी रजा टाकाव्यात!"

"ब्येस झालं. मंग रविवार सुटला. फुडच्या ड्रिफ्टिंगला सुट्टी बदलायची, सुजितला आत्ताच सांगून ठेवतो."