उरलेली पाच मिनिटं

दादाची पहिली कॅसेट आली तेव्हा मी अकरावीत होते, आणि ती लावल्यावर मी टेप सोडून दोन हात मागे सरले. खोटं नाही सांगत. आधी एक माणूस कानात कुजबुजल्यासारखं गायला, आणि काही कळायच्या आत असा काही किंचाळला की चुलीजवळ झोपलेलं मांजर थेट माळ्यावर. आई आतून ओरडली, "काय गो, कोण मेलं?"

कोणी मेलं नव्हतं. त्याला रॉक म्हणतात, हे मला कॅसेटच्या डबीतल्या कागदावरून कळलं. दादा तेव्हा परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी होता. बोटीवरच्या कुठल्याशा इंजिनिअरकडे तबकड्यांचा ढीग होता. त्या तबकड्यांवरून दादा कॅसेटी भरायचा आणि आमच्या वाडीतले एक काका मुंबईच्या गोदीत होते, त्यांच्या पत्त्यावर पाठवायचा. काका शिमग्याला आणि गणपतीला एसटीने गावी यायचे तेव्हा पिशवीतून कॅसेट काढून माझ्या हातात ठेवायचे. बाबांच्या नकळत. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसती कॅसेट.

बाबांच्या नकळत का, तर दादा घरातून गेला तोच मुळी गिटारीवरून. रत्नागिरी शहराला लागून आमची वाडी. बाबा वाडीच्या भजनाचे बुवा, पखवाजावर हात असा की शेजारच्या चार गावांतून बोलावणं यायचं. त्यांच्या मुलाने त्यांच्यामागे पखवाज घेऊन बसायचं सोडून कॉलेजच्या पोरांबरोबर गिटार बडवावी, हे त्यांना झेपलं नाही. एक दिवस भर दुपारी त्यांनी ती गिटार उचलली आणि विहिरीत टाकली. मी खळ्यात भात वाळत घालत होते. तो आवाज मला अजून ऐकू येतो. दादा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेला. बाबा मागून म्हणाले, "पत्र आलं तर चुलीत घालीन." आणि पहिलं पत्र आलं ते खरोखरच घातलं. आईसमोर. आम्ही ते वाचलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर पत्र आलं नाही, कॅसेटी आल्या. तीन वर्षांत सहा. एका बाजूला एक अख्खा अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. आत घातलेल्या कागदावर दादा बॉलपेनने मूळ तबकडीच्या कव्हराची नक्कल काढायचा. एकावर ओसाड माळावर पाठमोरा उभा असलेला माणूस, एकावर नुसतं उघडं दार. मागे बारीक अक्षरात त्या लोकांची माहिती. "हे दोघे सख्खे भाऊ. एकमेकांशी बोलत नाहीत, पण गाताना एकाच माइकसमोर उभे राहतात." "कव्हर काढणाऱ्याला यांनी गाणी ऐकवलीच नाहीत, नुसतं नाव सांगितलं." एका अल्बमबद्दल लिहिलं होतं, "यातला पेटीवाला मधेच सोडून गेला. तरी त्याने वाजवलेला एक तुकडा यांनी काढून टाकला नाही." मला तो पेटीवाला फार आवडायचा. केस पिंजारलेली ही माणसं घरी काय जेवत असतील, यांच्या आया यांना काय म्हणत असतील, असल्या विचारात माझी इतिहासाची तासिका जायची.

पण माझं ऐकणं चोरीचं. बाबा भजनाला गेले की टेप लावायचा. आवाज बारीक, एक कान वाटेकडे. शेवटचं गाणं संपलं रे संपलं की खटकन बंद, कॅसेट बाहेर, पेन्सिल घालून गरागरा फिरवून मागे. टेपवर फिरवली तर सेल संपतात ना!

आता माझा पराक्रम सांगते. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि अल्बम चाळीसच्या आतबाहेर. म्हणजे मागे पाच मिनिटं उरायची. आम्ही फणसाची आठळीसुद्धा फेकून न देणारी माणसं. चांगली परदेशी पट्टी पाच पाच मिनिटं कोरी ठेवायची? माझ्या अकलेला ते पटेना. आईला गौरीची गाणी येत होती, कुठल्या वहीत न सापडणारी. मी ठरवलं, उरलेल्या जागेत आईची गाणी भरायची. गाणं संपलं की टेप थांबवायचा, लाल बटण दाबायचं, आईला समोर बसवायचं. आई लाजत लाजत गायची. सहापैकी पाच कॅसेटी मी अशा दोन्ही बाजूंनी भरल्या. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटायचं की विचारू नका.

सहावी राहिली, कारण दापोलीला शेतकी कॉलेजात शिकणारा माझा मावसभाऊ नेमका त्या दिवशी घरी आला होता. काकांनी दिलेली कॅसेट मी लावायच्या आत त्यानेच ती खिशात घातली. "हॉस्टेलवर मोठा डेक आहे, ऐकतो आणि आणून देतो." मेल्याने चार महिने लावले.

आला तो जानेवारीत. पडवीत बसून सरबत प्यायला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "काय गो, तुझ्या कॅसेटीत शेवटी मराठीत बोलतंय ते कोण?"

मी म्हटलं, "कुठल्या कॅसेटीत?"

"ह्याच. गाणी संपली की अर्धं मिनिट काहीच नाही. आम्ही पत्ते खेळत होतो, बंद करायला कोणी उठलं नाही म्हणून कळलं. एक माणूस बोलतो. आई, आई करतो."

मी टेप आणला, कॅसेट घातली, पुढे पळवली. शेवटचं गाणं संपलं. खरखर. नुसती खरखर. आणि मग दादा.

"आई, मी बरा आहे. हात भाजला होता म्हणून सांगितलं होतं ना, तो आता चांगला झाला. डाग राहिला. बाबा ही गाणी शेवटपर्यंत ऐकायचे नाहीत, म्हणून इथे बोलतो, हे तर तुम्हाला आता माहीतच आहे. मागच्या कॅसेटीत मी गणपतीला येऊ का म्हणून विचारलं होतं. काकांकडे नुसतं हो म्हणून सांगा म्हटलं होतं. तुम्ही काही कळवलं नाहीत. म्हणजे बाबांचा राग गेलेला नाही. असू दे. आता परत विचारून तुम्हाला अडचणीत नाही टाकत. कॅसेटपण नाही पाठवणार. छोटीला गाणी आवडली की नाही, तेवढं तरी कळायला हवं होतं."

खट्. संपली.

आई विळीवर नारळ खवत होती. ती कधी येऊन मागे उभी राहिली, मला कळलं नाही. हाताला खोबरं तसंच. म्हणाली, "परत लाव." मी परत लावली. दोनदा, तीनदा. मग तिने विचारलं, "हात भाजलेला कधी सांगितलं त्याने? येऊ का म्हणून कधी विचारलं? बाकीच्यांत काय होतं?"

मी म्हटलं, "बाकीच्यांत तू आहेस, आई. मी त्याच्यावर तुला भरलं."

आईने आयुष्यात मला कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी फाडकन मुस्काटात मारली. आणि मग मलाच पोटाशी धरून रडली. मावसभाऊ बिचारा एसटीची वेळ झाली म्हणत चप्पल शोधत होता, ती त्याच्या पायातच होती.

तीन वर्षं तो बोलत होता आणि मी त्याला पुसत होते! स्वतःच्या हाताने, लाल बटण दाबून. हात किती भाजला होता, कोणी औषध लावलं, तो समुद्रात आजारी पडला का, घरच्या आठवणीने रडला का, सगळं मी पुसलं. आणि त्याचा तो प्रश्नसुद्धा. माझ्या काटकसरीला आग लागो.

बाबा दारात उभे होते. भजनाचे टाळ हातात. किती ऐकलं होतं देव जाणे. म्हणाले, "मी येऊ नको कुठं म्हटलं?"

आई अशी वळली त्यांच्याकडे! ज्या बाईने पंचवीस वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, ती म्हणाली, "पत्र चुलीत घातलंत ते कोणी? पोराला आपल्या घरात चोरासारखं बोलायला लागलं, गाण्याच्या मागे लपून! देवापुढे गाता ते काय नुसतं घशातून?"

बाबांनी टाळ पडवीत ठेवले. कोनाड्यातलं पोस्टकार्ड घेतलं आणि माझ्याकडे पेन मागितलं. काकांच्या मुंबईच्या पत्त्यावर लिहिलं. खाली सही, "वडील." मधल्या कोऱ्या जागेत एकच शब्द, "ये." भर उन्हात छत्री न घेता स्वतः पेटीत टाकून आले.

मग वाट. शिमगा गेला, आंबे उतरले, भात लावून झालं. काकांचा निरोप आला की कार्ड पुढे बोटीच्या ऑफिसात दिलंय, बोट कुठे आहे ठाऊक नाही. आई वाटेवर कोणी चाललं की भाकरी तव्यावर टाकून बाहेर यायची. मी त्या काळात एकही कॅसेट लावली नाही.

दादा आला तो गणपतीच्या दोन दिवस आधी. मी त्याला ओळखलंच नाही. दाढी, खांदे रुंद, उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी डाग. हा एवढा मोठा डाग! तो "भाजला होता" म्हणाला होता, जसं काही कपबशीने चटका बसला. मी डागाकडे बघत राहिले आणि तो माझ्या वेणीकडे.

त्याला सगळं सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "ती पाचवी लाव."

"दादा, नको."

"लाव गो."

पडवीत आम्ही चौघं. बाबा समोरच भिंतीला टेकून. अख्खा अल्बम त्यांनी ऐकला. चाळीस मिनिटं ती किंचाळणी, तो ढोल, त्या गिटारी, आणि आमचे बुवा डोळे मिटून बसलेले. उठले नाहीत. शेवटचं गाणं संपलं. खरखर झाली. दादाने जिथे येऊ का म्हणून विचारलं होतं, तिथे आईचा आवाज आला.

"झालं काय गो चालू?" मग गौरीचं गाणं, दोन कडवी. मधेच थांबून, "ह्या ओळीला थोरला टाळी द्यायचा बघ, एवढासा होता. आता कुठल्या पाण्यावर असेल गो? जेवला असेल ना? ... अगो, बंद कर मेले, हे नको भरू!" आणि माझं हसणं.

ते मी साफ विसरले होते. मी हसले होते तेव्हा.

दादाने कॅसेट काढली, पेन्सिल मागितली, थोडी मागे फिरवली आणि परत लावली. आईने पदर तोंडात धरला होता. बाबा उठून विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पाणी काढल्याचा आवाज काही आला नाही.

बाकीच्यांत तू काय बोलला होतास, हे मी त्याला पंधरा दिवसांत दहा वेळा विचारलं. तो दर वेळी म्हणायचा, "काही नाही गो, जेवणाखाण्याचं." आजतागायत त्याने सांगितलेलं नाही.

तो परत बोटीवर जायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात नवी कोरी कॅसेट. म्हणाले, "भजन भरायचंय. त्याला देऊ." मी टेप लावून दिला. त्यांनी एक बाजू भरली, पखवाजासकट. भजन संपलं तेव्हा मी बंद करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे चालू. तू जा." मी गेले. आतून कान लावला होता, लपवत नाही. खाकरण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

मी बाहेर आले तर बाबांनी कॅसेट माझ्यापुढे धरून विचारलं, "ह्याच्यावर परत कोणी भरू नये म्हणून काय करायचं असतं?"

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन इवले तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी सुईने दोन्ही मोडले. दुसरा मोडताना सुई बोटात घुसली.

दोन महिन्यांनी दादाचं पत्र आलं. पोस्टमनने ते बाबांच्याच हातात दिलं आणि बाबांनी न फोडता आईकडे दिलं. आईने मला वाचायला लावलं. हवापाणी, जेवण, हाताची खाज कमी आहे, आणि मग लिहिलं होतं, "बाबांची कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. भजनानंतर चार मिनिटं ते नुसते खाकरतात. मला वाटलं एवढंच आहे. पट्टी संपता संपता अगदी हळू म्हणतात, गिटार टाकायला नको होती, मी चुकलो."

मी थांबले. आई म्हणाली, "काय वाचलंस? परत वाच."

मी परत वाचलं. आई माझ्याकडे बघत राहिली, मग दाराकडे. "हे म्हणाले?"

बाहेर पडवीत बाबा पखवाजाला कणीक लावत होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं. त्यांनी मान वर केली नाही.