व्याह्यांची बाग

ज्याच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय या देशाच्या कोणत्याही कायद्यात करून ठेवलेली नाही असा मनुष्य जगात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. शेजाऱ्याविरुद्ध फिर्याद करता येते, सख्ख्या भावावर दिवाणी दावा लावता येतो, प्रत्यक्ष सरकारला नोटीस देता येते. यांपैकी बरेच काही मी केलेले आहे. परंतु मुलीच्या सासऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत आपल्या नातीचे बोट पळविले, तर अर्ज कोणाच्या नावे करावा, हे तहसील कचेरीत उभा जन्म काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावरही मला उमगलेले नाही. हा गृहस्थ अनसिंगचा. वावर, तूर, सोयाबीन आणि तोंडाचा दांडपट्टा एवढी त्याची इस्टेट. गेल्या वर्षी विहीणबाई गेल्या आणि या हिवाळ्यात जावयाने वडिलांना पुण्याला आपल्याकडे आणले. मी दर हिवाळ्यात महिनाभर मुलीकडे जातो तो पाहुणा म्हणून; हा मात्र मुलाकडे आला तो घरधनी म्हणून. मी दारात बॅग ठेवताच हा सोफ्यावर मांडी घालून म्हणाला, "या इवाई, या! घर तुमचंच हाये, लाजू नोका." घर ज्याचे असते तोच हे वाक्य उच्चारू शकतो, ही त्यातील खोच आमच्या मुलीला आजवर कळलेली नाही. तिला वाटते, मामाजी, म्हणजे तिचे सासरे, किती मोठ्या मनाचे!

त्या घराच्या समोरच ती बाग आहे. तिच्याविषयी निर्विकारपणे लिहिणे मला जमणार नाही. वाशीमला माझ्या घरापुढेही कॉलनीच्या नकाशात हिरव्या रंगाने रंगविलेली एक मोकळी जागा आहे. तेथे बाग व्हावी म्हणून मी आजवर केलेल्या पत्रव्यवहाराची चळत आणि त्या जागेवरील गाजरगवत यांच्यात उंचीची स्पर्धा चालू आहे, आणि पावसाळ्यात गवत जिंकते. मला साधा बाकही मंजूर झाला नाही. आणि पुण्यातल्या या एका उपनगरात चालण्यासाठी लाल रबरी पट्टा, व्यायामाची निळी-पिवळी यंत्रे, संध्याकाळी रंग बदलणारे कारंजे, तळव्यांना टोचणाऱ्या गोट्यांची आरोग्यदायी वाट, आणि झुडपात लपवलेल्या कर्ण्यातून दिवसभर झिरपणारी बासरी! पहिल्या दिवशी ते सगळे पाहून मला जे झाले त्याला सभ्य भाषेत असूया म्हणतात. मी प्रवेशद्वारावरचा नियमांचा फलक अथपासून इतिपर्यंत वाचला, त्यांपैकी कोणकोणते नियम मोडले जात आहेत याची पाहणी केली आणि रखवालदाराकडे तक्रारवही मागितली. तेव्हापासून त्या बागेत माझी ओळख 'तक्रारवाले काका' अशी आहे आणि माझ्या बाकावर दुसरे कोणी बसत नाही.

आता याच बागेत हा मनुष्य कसा शिरला ते पाहा. फलकाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. रबरी पट्ट्यावरून माणसे गोल गोल चालत होती. हा धोतराचा सोगा सावरून मध्येच उभा राहिला आणि मोठ्याने मला विचारता झाला, "काहो इवाई, या लोकाईले घर सापडून नाई राह्यलं काय?" गोट्यांची आरोग्यदायी वाट पाहून त्याने ठेकेदाराला शिव्या घातल्या, गिट्टी अंथरली आणि मुरूम टाकायचा विसरला, असे त्याचे मत पडले. व्यायामाच्या यंत्रांपैकी ज्यावर बसून कंबर फिरवायची असते त्यावर तो रोज सकाळी तंबाखू मळत बसे, आणि मळता मळता यंत्र आपोआप फिरू लागले की ज्या दिशेला तोंड होईल त्या दिशेच्या माणसाला "राम राम!" घाले. कानात बोंडे घालून धावणाऱ्या मुलींना तो हातवारे करून थांबवी. त्या घाबरून बोंडे काढत, आणि हा विचारी, "काही नाई वं बाई, गाव कोनतं तुमचं?" मी लाजेने वर्तमानपत्रात तोंड खुपसत असे. परंतु आश्चर्य असे की त्या गाव सांगत! कोणी जतची निघे, कोणी चाळीसगावची, एक तर केनवडच्या देशमुखांची नात निघाली. पंधरा दिवसांत त्या बागेतला एकही मनुष्य पुण्याचा उरला नाही. जो तो आपापल्या गावचा झाला आणि सगळे मिळून त्याचे झाले.

हे सगळे मी सोसले असते. परंतु सई, आमची नात, वय वर्षे पाच, ही उभयपक्षी समाईक मालमत्ता आहे. तिच्याकरिता मी वाशीमहून चित्रांसह छापलेली मुलांची राज्यघटना घेऊन गेलो होतो. हा अनसिंगहून तुरीच्या हिरव्या शेंगांचे पोते घेऊन आला होता. संध्याकाळी शेंगा मिठात उकडून त्याने डबा बागेत नेला, सगळ्या बाकांवर वाटल्या, आणि टरफले कोठेही टाकू नयेत हा नियम मी सांगितल्यावर सईने तत्परतेने माझी राज्यघटना उघडून मांडीवर धरली. मूलभूत अधिकारांच्या पानावर टरफलांचा ढीग झाला. "पाहा," व्याही म्हणाला, "इवायाचं पुस्तक कामी आलं." सगळा बाक हसला. रोज संध्याकाळी पाच वाजता सई चपला घालून दारात उभी राही आणि मी हात पुढे करण्यापूर्वीच "आबाजी, चला!" म्हणून त्याचे बोट पकडी. मी मागून त्यांच्या पाण्याची बाटली घेऊन चालत असे. एक संध्याकाळ, फक्त एक संध्याकाळ, तिने माझे बोट धरून बागेत यावे, एवढीच माझी मागणी होती. आणि तीही मी कोणाजवळ नोंदविली नव्हती.

माझी मागणी शेवटी मान्य झाली, पण ज्या रीतीने झाली ती रीत मला मंजूर नव्हती. प्रवेशद्वाराजवळ एक नवा वाफा केलेला होता. त्यात गुलाबांच्या ओळी होत्या आणि ओळींच्या मध्ये काही कोवळे कोंब वर आलेले होते. एका सकाळी मी फिरायला गेलो तर हा त्या वाफ्यात उकिडवा बसलेला. हातात आमच्या मुलीचा सराटा, म्हणजे पुण्यात ज्याला उलथणे म्हणतात ते. आणि तो एकटा नव्हता. एक निवृत्त अभियंता, एक बँकेचे माजी व्यवस्थापक आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई असे तिघे बुटांसकट एकेका ओळीत बसून कोंब उपटत होते. शेतकामात प्रत्येक बाईकडे जी ओळ येते तिला आमच्याकडे पात म्हणतात, याने तिघांना पाती वाटून दिल्या होत्या आणि स्वतः मुकादमासारखा ओरडत होता, "साहेब, मुळापासून काढा! केस कापल्यावानी काय करून राह्यले?"

मी म्हणालो, "व्याही, हे काय आरंभले आहे?"

"निंदन," तो मान वर न करता म्हणाला. "कुरडू माजलं पाहा किती. जलमात कधी निंदलं नाई म्या. वावरात हे काम सईच्या आजीचं. मी बांधावर उभा राहून बोलत जाओ, झालं. आता वाटते, बसाले पाह्यजे होतं एखांद्या डाव तिच्या बाजूच्या पातीत." मग डॉक्टरीणबाई मागे पडल्या आहेत असे पाहून तो उठला, त्यांच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि समोरून निंदत त्यांच्याकडे येऊ लागला. "सईची आजी असंच करे," तो म्हणाला. "आपली पात सरली का मांगं राह्यलेल्या बाईच्या पातीत समोरून येत जाय. मनजे त्या बाईले एकटं नाई वाटत."

मी त्यावर काही बोलणार, इतक्यात बागेचे पर्यवेक्षक आले. वाफ्याशेजारी रचलेला कोंबांचा ढीग पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. मग कळले की ते कुरडू खास रोपवाटिकेतून मागविलेले होते. त्याला जांभळे तुरे येणार होते.

व्याही उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतके निखळ आश्चर्य मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. "कुरडू पेरलं तुमी? पैसे देऊन? अरे बापू, आमी ते उपटाले मजूर लावतो!"

तिघे सुशिक्षित मदतनीस गुडघे झटकीत बाजूला झाले. पर्यवेक्षकांनी फलकाकडे बोट दाखविले, रखवालदाराला बोलाविले आणि सांगितले, या आजोबांना उद्यापासून आत सोडायचे नाही. व्याह्याने सराटा धोतराला पुसला आणि तो घरी गेला. दुपारी मुलीने विचारले, "मामाजी, जेवत नाही का?" तर तो म्हणाला, "अनसिंगचं तिकीट काढून दे माय. इथी माह्या हाताले काही काम नाई, आन होतं ते असं झालं."

संध्याकाळी पाच वाजता सई दारात उभी राहिली. आबाजी सज्जात भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग माझे बोट धरले. ज्या क्षणासाठी मी महिनाभर जळत होतो तो क्षण मला असा मिळाला. बागेत पाऊल टाकताच केनवडच्या देशमुखांची नात थांबली आणि कानातली बोंडे स्वतः होऊन काढून म्हणाली, "आबा कुठंयत?" अभियंत्यांनी विचारले. बँकवाल्यांनी विचारले. कंबर फिरविण्याचे यंत्र रिकामे होते. सई घसरगुंडीकडे गेलीच नाही. माझ्या बाकावर माझ्या शेजारी पाय लोंबकळवत बसली आणि म्हणाली, "नाना, तुम्हाला कायदा येतो ना? मग तो त्या काकांना सांगा की."

तो अर्ज मी घरी येऊन एका बैठकीत लिहिला. त्यात मी पुढील मुद्दे मांडले. फलकावर फुले तोडण्यास व फांद्या मोडण्यास मनाई आहे. मुळासकट उपटण्याविषयी फलक मौन पाळतो. सदर वाफ्यात लागवडीचे नाव दर्शविणारी पाटी नव्हती, आणि पश्चिम विदर्भातील कोणताही सद्हेतूने वागणारा शेतकरी कुरडूला पीक समजू शकत नाही. कृत्य दिवसाढवळ्या, रखवालदाराच्या समक्ष घडले. किंबहुना रखवालदाराने संबंधितांस पाणी आणून दिले, म्हणजे मूक संमती होती. सबब प्रवेशबंदी रद्द व्हावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो स्वतः नेऊन दिला. पर्यवेक्षकांनी उभ्याउभ्या वाचला, "मूक संमती"पाशी त्यांना हसू आले, आणि त्यांनी बंदी उठविली. अट एवढीच की आजोबांनी आणि त्यांच्या टोळीने नवी रोपे स्वतः लावून द्यावीत. मी आयुष्यभर रस्ते, गटारे, दिवे आणि बाग यांकरिता लिहीत आलो. तातडीने, पूर्णांशाने आणि हसतमुखाने मंजूर झालेला माझा अर्ज हा एकच, आणि तो याच्या नावे जमा झाला!

त्या संध्याकाळी सईने पुन्हा त्याचेच बोट धरले. बागेत लोकांनी टाळ्या वाजविल्या. मी पाण्याची बाटली घेऊन मागून चालत होतो. थोड्या वेळाने तो माझ्या बाकावर येऊन बसला, शेंगांची मूठ माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "इवाई, मले वाटलं होतं तुमी खूश व्हान."

"कशाबद्दल?"

"मी गेलो असतो तं." आणि तो खो खो हसला. याला सगळे ठाऊक होते. मला त्याचाही हेवा वाटला.

पुढे तूर सोंगणीला आली आणि तो अनसिंगला परतला; मी वाशीमला आलो. पुण्याहून फोन येतो तेव्हा सई विचारते, "नाना, आबाजी भेटले का?" मी कसा आहे हे ती नंतर विचारते. परवा बाजाराच्या निमित्ताने तो वाशीमला आला आणि चहा होताच घरापुढच्या त्या मोकळ्या जागेच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी त्याला नकाशा दाखविला, हिरवा रंग दाखविला, पत्रव्यवहाराची चळत दाखविली. त्याने सगळे आदराने पाहिले. मग म्हणाला, "सराटा आना."

"परवानगीशिवाय त्या जागेला हात लावता येणार नाही," मी म्हणालो. "मी स्मरणपत्र पाठविलेले आहे."

"तुमी पाठवत राहा, मी बसतो," असे म्हणून तो गाजरगवतात उकिडवा बसलासुद्धा. त्याने एक पात धरली आणि शेजारची एक पात कोणासाठी तरी सोडल्यासारखी सोडली. तिच्याकडे तो बघतही नव्हता. मी फाटकाशी उभा राहिलो. रस्त्यावर कोणी नाही याची खात्री केली, चष्मा खिशात ठेवला आणि त्या सोडलेल्या पातीत जाऊन बसलो. माझे गुडघे वाजले. गवत माझ्या हातात तुटत होते, मूळ जमिनीतच राहत होते, आणि तो माझ्या कितीतरी पुढे निघून गेला. तेथेही मला मागे टाकणे त्याला जमले. मी रागाने मान खाली घालून उपटत राहिलो. काही वेळाने गवत हलल्याचा आवाज आला म्हणून वर पाहिले. त्याची पात संपलेली होती, आणि तो माझ्या पातीत, समोरून, माझ्याकडे येत होता.