लहान होत गेलेला डाव

गजूच्या अपघाताचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या डावासाठी कानांवर हेडफोन चढवून बसलो होतो आणि हा अजून आला कसा नाही म्हणून एकटाच त्याला शिव्या घालत होतो. फोन वहिनींचा होता, म्हणजे गजूच्या बायकोचा. "भाऊजी, यांना गाडीनं उडवलं," एवढंच त्या म्हणाल्या. येरवड्यात त्यांच्या सोसायटीबाहेर, दूध आणायला म्हणून रस्ता ओलांडताना, उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलनं त्याला धडक दिली होती. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. एक हवालदार समजावत होता, की साहेब, उलटी येणारी गाडी धडधाकट माणसालासुद्धा दिसत नाही. तेव्हा बाकावर बसलेल्या वहिनींनी मान वर केली. "यांना कडेचं दिसतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. मधलं तेवढं दिसायचं... नळीतून पाहिल्यासारखं." मी त्याचा तरुणपणापासूनचा मित्र, दर रविवारी त्याच्याशी तास-दीड तास बोलणारा, आणि मला हे तो गेल्यावर, हवालदाराच्या शेजारी उभं असताना कळलं. आता काही आठवडे उलटले आहेत, माणसं म्हणतात की हळूहळू दुःख निवळतं. माझं अजून दुःखापर्यंत पोचणंच झालेलं नाही, मधे राग आडवा येतो.

गजानन मूळचा अकोटचा. पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या नोकरीमागे धावत होता त्या काळात तोही एक बॅग घेऊन आला, आणि नारायण पेठेत आमच्या घरासमोर कॉट बेसिसवर राहू लागला. आमच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. रविवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मालक आम्हाला सगळी मशीन एकमेकांना जोडून द्यायचा आणि आम्ही आठ जण चार विरुद्ध चार असे बसायचो. खेळ सैन्याचा. आधी लाकूड तोडायचं, शेती करायची, गाव वसवायचं, मग फौज उभारून दुसऱ्याचं गाव जाळायला निघायचं. कॅफेत असा कल्लोळ उठायचा की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा खाली येऊन शांतपणे विचारलं होतं, "आपल्यापैकी कोण वारलं?" त्या कल्लोळात निम्मा आवाज माझा असे. मी खेळताना गप्प बसूच शकत नाही. काय बांधतोय, कुठे निघालोय, सगळं तोंडानं चालू. गजूनं माझं नाव रेडिओ ठेवलं होतं. "काहून एवढा बोलून राहिला बे रेडिओ? खेळ ना चुपचाप," असं तो ओरडायचा आणि पाठीत गुद्दा घालायचा.

चार-चारच्या डावात दोघं मधे असतात आणि दोघं कडेला. कडेच्यांवर पहिला मारा येतो, मधल्यांना तेवढ्यात हातपाय पसरायला सवड मिळते. गजू कायम कडेची जागा मागून घ्यायचा. नकाशाच्या कुठल्या कोपऱ्यात कुणाचा घोडेस्वार डोकावला, हे त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. शेजारच्या गड्यावर हल्ला झाला तर त्याच्याआधी याची माणसं तिथं पोचलेली असायची. लोणी काळभोरहून बुलेटवर येणारा दत्ता, म्हणजे आमच्यातला एकमेव बागायतदार, कौतुकानं म्हणायचा, "ह्येला फुडं न्हाई, चारी बाजूंनी डोळं हायेत." 

पुढे लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, घरोघरी इंटरनेट आलं आणि कॅफे बंद होऊन तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा आला. डाव मात्र थांबला नाही, आपापल्या घरून हेडफोन लावून चालू राहिला. मग एका रविवारी गजू म्हणाला, "आठ जणांचा निस्ता कालवा होते बाप्पा. सहाच खेळू." दोघं तसेही अमेरिकेच्या वाटेवर होते, कुणाला काही वाटलं नाही. पण वर्षभरानं त्यानं सहाचे चार केले, आणि त्यात दत्ताला वगळलं. दत्ता चांगला खेळायचा आणि गप्प खेळायचा. हेडफोनवर तो आहे की नाही तेही कळायचं नाही. थेट फौज घेऊन दारात उभा. त्यानं गजूला फोन केला तो मला अजून आठवतो, कारण त्यानं मलाही जोडून घेतलं होतं, आम्ही तिघंही लाइनवर होतो. "मी काय तुज्या रानात बैल घातले का रं? काढायचं तर तोंडावर कारण सांगून काढ." गजू म्हणाला, "कारण काही नाही ना यार. लहान डाव बरा वाटते मले." दत्तानं फोन ठेवला तो ठेवलाच. मग दोन-दोनचा डावही मोडला, आणि एक दिवस उरलो गजू आणि मी, एकास एक.

आमच्यात त्यावरून बरीच कुजबुज झाली. ज्याला खेळातलं कळतं तो लहान डावाकडे वळतो, कारण तिथं लपायला जागा नसते, हरलात तर तुम्हीच हरलात. तेव्हा गजूला आता शिंगं फुटलीत, आम्ही त्याच्या लायकीचे राहिलो नाही, असा निष्कर्ष निघाला. मग त्यानं मला का ठेवलं, हे मात्र कुणाला सुटेना. मी आठांत आठवा होतो.

आता मागे वळून पाहतो तेव्हा सगळं लख्ख दिसतं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! त्यानं मोटारसायकल विकली आणि म्हणाला, "पुण्यात गाडी चालवणं म्हंजे जीव द्यायचं काम हाये." आम्ही हसलो. संध्याकाळच्या भेटी टाळू लागला, तेव्हा बायकोच्या धाकात आहे म्हणून चिडवलं. हात पुढे केला तर तो तसाच लटकत राहायचा, याचं लक्ष नाही. टेबलावरचा चहा कोपरानं सांडायचा. सगळ्यांनी मोठाले मॉनिटर घेतले तेव्हा यानं होता तो देऊन जुना, लहान आणला, आणि मी त्याच्या कंजूसपणावर महिनाभर जोक केले. मोठ्या नकाशावर आठ रंगांची माणसं पळत असताना त्याला त्यातला मधला एक तुकडा दिसत असणार. कडेचा पहारेकरी होता, आणि त्याला कडच दिसेनाशी झाली. डाव लहान करत गेला तो, दुसरं काय करणार होता... नोकरी टेस्टिंगची. दिवसभर पडद्यावरची चूक शोधायची. कंपनीत कळलं तर पहिला आपणच बाहेर, ही धास्ती. शिवाय कुणी कीव केली असती ते त्याला त्याहून सोसलं नसतं.

एकास एक आम्ही बरीच वर्षं खेळलो आणि मी जवळजवळ नेहमी हरलो. कारण साधं होतं. लढाईची आगाऊ जाहिरात करणारा मी जगातला एकमेव सेनापती असेन. "आलो रे तुझ्या उत्तरेच्या कुंपणाकडनं... वीसेक घोडे आहेत, भाले तयार ठेव..." तोंड चालूच. गजूचे भालेवाले आधीच तिथं उभे. एकदा घसा बसला होता, आवाज फुटत नव्हता, म्हणून मी गुपचूप खेळत होतो. त्या दिवशी त्याचं गाव मी सहज जाळलं. तो मधेच दोन-तीनदा म्हणाला होता, "बोल ना बे, झोपला काय?" त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. मला वाटलं, हरतोय म्हणून चिडलाय.

दहाव्याला दत्ता आला. इतक्या वर्षांनी. घाटावर एका बाजूला उभा होता, मला पाहून जवळ आला. डोळ्यांचं त्याला कळलेलं होतं. "मला काढलं तवा लय राग आलता," तो म्हणाला. "आता समजलं. मी गप खेळायचो, त्येला दिसायचो न्हाई." मग म्हणाला, "अन् तुला ठिवला, कारण तू समदं सांगायचास." तो वाईट हेतूनं बोलला नाही. पण मी घरी आलो तो ते वाक्य घेऊनच. म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक रविवारी, मी मित्र होतो की आंधळ्याची काठी? गरज सरो, वैद्य मरो असं म्हणतात. इथं वैद्य मागे उरला होता आणि आपण कशासाठी होतो हेच त्याला कळत नव्हतं. खरं सांगतो, त्या दिवसांत मला गजूच्या जाण्यापेक्षा हा प्रश्न जास्त बोचत होता. ज्याला विचारायचं तो तर उत्तर न देता निघून गेला होता.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. त्याचं मशीन सुरूच होतं, बंद करायला त्यांचा हात धजत नव्हता. खोली लहान, खिडकीला जाड पडदा, टेबल भिंतीला टेकवलेलं, खुर्ची मॉनिटरच्या अगदी जवळ. मी बसलो आणि पाहिलं. त्या लहान मॉनिटरवरही खेळ पूर्ण पडदाभर नव्हता. मधोमध तळहाताएवढी चौकट, बाकी सगळं काळं. त्या तळहातात तो शेवटी मावेल तेवढं राज्य चालवत होता. मला राहवलं नाही. मागे न बघताच विचारलं, "वहिनी, मी बडबडायचो, त्याचा उपयोग होता म्हणून त्यानं मला ठेवलं का?"

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."

त्यांनी उत्तर गोड करून दिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहीन.  त्याच पुढे बोलू लागल्या. "यांनी ऑफिसात कधी कोणाला हात धरू दिला नाही. घरी मी पाण्याचा पेला हाताजवळ सरकवला तरी ताट ढकलून उठायचे. मी म्हणायची, निदान भाऊजींना तरी सांगून टाका. तर म्हणायचे, त्याले सांगतलं तं तो जपून बोलन." मग म्हणाल्या, "कोणाचंही काही घ्यायचं म्हटलं की यांना लाज वाटायची हो. माझंही घेताना वाटायची. तुमचं घेताना कधीच नाही वाटली."

यावरही मला काहीतरी बोलता आलं असतं, तसा मी पेठेतला आहे. पण बोललो नाही. त्याच्याच खुर्चीत, त्या तळहाताएवढ्या चौकटीसमोर, मला रडू कोसळलं.