न तपासलेल्या तीन बाटल्या

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला केमिस्ट्री घेतलेले आम्ही सातच जण होतो. पाथर्डी तालुक्यातलं छोटं कॉलेज, एकच लॅब, आणि टाकीत पाणी असेल त्या दिवशी प्रॅक्टिकल.

प्रोजेक्टसाठी माझ्या जोडीला जी मुलगी आली, तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. ती तिसगावात मावशीकडे राहायची. टायट्रेशनमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडताना ती श्वाससुद्धा हळू घ्यायची. मी शेजारी उभी राहून आकडे लिहायचे.

आम्हाला आसपासच्या दहा ठिकाणचं पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात किती क्षार आहेत, ते तपासायचं होतं. बाटल्या तीच भरून आणायची. सात नमुने झाले आणि फडावर तिच्या आईच्या हाताला कोयता लागला. ती त्याच दिवशी आईकडे निघाली. एसटीत चढताना म्हणाली, "राह्यलेल्या तीन बाटल्या तेवढ्या कर. लई लांबून आणल्यात."

"करते. तू काळजी करू नको," मी म्हणाले.

केल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यासाठी लागणारं बफर द्रावण संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता, म्हणून मी आधीच्या आकड्यांच्या आसपासचे तीन आकडे लिहून दिले. सरांनी सही केली, मार्कही चांगले दिले. मला तेव्हा फार वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सगळेच असे आकडे बसवायचे.

ती तीन आठवड्यांनी परतली. लॅबमध्ये रिपोर्ट चाळला आणि मग रॅककडे पाहिलं. तिन्ही बाटल्यांवरची चिकटपट्टी तशीच होती. तिने एक बाटली उघडली, पन्नास मिली पाणी घेतलं, बफर आणि इंडिकेटर टाकला आणि ब्युरेट सोडला. निळं पडायला जितके जास्त मिली लागतील, तितकं पाणी जड. मी अठरा लिहिले होते. अठरा झाले, तीस झाले, तरी पाणी लालच. एक्केचाळीसला निळं पडलं.

"आमच्या वस्तीवरच्या हातपंपाचं हाय हे," ती म्हणाली. "आमी हेच पितो."

ती रिपोर्ट घेऊन सरांकडे गेली. मी मागे दारात थांबले. सर तासिकेवर शिकवणारे, पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "आता मार्क वर विद्यापीठात गेले. कशाला उकरून काढतेस? तुझेही कमी होतील."

"होऊ द्या," ती म्हणाली. पण रिपोर्ट काही बदलला नाही.

त्यानंतर तिने टेबल बदललं. मी दोनदा माफी मागायला गेले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "असू दे," आणि काचसामान धूत राहिली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

निकालाच्या दिवशी मार्कशीटच्या रांगेत ती माझ्या पुढेच होती. मला एमएस्सीला पुण्याला जायचं होतं. तिला विचारलं, तर म्हणाली, "आईचा हात अजून नीट चालत न्हाई. औंदा तिच्या जागी तोडीला मी जाणार."

तिने मार्कशीट घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि स्टँडकडे चालू लागली.